चौदावा भाग

"हे सगळं मला मराठीत सांगा," असं म्हणून मुलाणी मॅडम केतकीच्या पलंगावर मांडी घालून बसल्या. टोपी काढून त्यांनी उशीवर ठेवली. "इंग्रजी मला येतं, पण इतकं भराभर वाचता येत नाही. तुम्ही वाचा, मी बघते. आणि मधलं काही गाळू नका."

लॅपटॉपवर निळ्या केसांची एक मुलगी छत्री मिटून उभी होती. माणसं जपानी बोलत होती आणि खाली इंग्रजी अक्षरं पळत होती. सकाळचे साडेनऊ वाजले होते. माझी मुलगी घरातून जाऊन सव्वीस तास झाले होते, आणि मी एका पोलीसबाईला कार्टून वाचून दाखवत होते.

नऊ वर्षं झाली त्याला. फेब्रुवारीची पंचवीस तारीख होती.

कृष्णाकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात स्टँडसमोर आमचं औषधांचं दुकान आहे. मी आणि माझे यजमान विलास माळवदे, दोघं मिळून चालवतो. केतकी एकुलती एक. तेव्हा पंधरा वर्षांची होती, नववीत. आदल्या दिवशी साडेसातला डबा घेऊन बाहेर पडली ती शाळेत पोचलीच नाही. दुपारी रिक्षावाले काका दुकानात येऊन म्हणाले, "वहिनी, आज केतकी आली नाही का? मी वाट बघून निघालो." तीन वाजता आम्ही पोलीस ठाण्यात होतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मुलगी अल्पवयीन, म्हणून अपहरणाची तक्रार लिहून घेतली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "मुलगा कोण आहे?"

"तसं काही नाही हो," विलास म्हणाले.

"सगळे आईबाप असंच म्हणतात."

त्यांचंही चूक म्हणता येणार नाही. केतकीनं फोन घरीच ठेवला होता, उशीखाली. सगळे जुने मेसेज पुसलेले. शिल्लक होत्या त्या चार ओळी. किरी नावाच्या कुणाशी तरी ती बोलत होती, आणि स्वतःचं नाव तिनं नात्सु असं ठेवलं होतं.

*किरी: चौदा.*

*नात्सु: खरंच? का गंमत?*

*किरी: चौदा. लाल पक्षी. सव्वीस.*

*नात्सु: नाव सांभाळ. मी येते.*

किरीचा नंबर बंद लागत होता. कुणाच्या नावावर आहे ते कळायला दोन दिवस लागणार होते. विलास आणि माझे दीर रात्रभर कोल्हापूर, सांगली, मिरज असे एकेक स्टँड बघत फिरत होते. घरात जाऊबाई हळू आवाजात फोनवर बोलत होत्या, आणि मी आत गेले की गप्प होत होत्या. त्यांच्या मनात काय होतं ते मला कळत होतं. माझ्याही मनात तेच होतं.

सकाळी साहेबांनी घराची पाहणी करायला पोलीस नाईक नसीम मुलाणींना पाठवलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या, अंगानं भरलेल्या, गुडघेदुखीमुळे जिना एकेक पायरी चढणाऱ्या. त्यांनी कपाट पाहिलं, दप्तरं पाहिली, वह्या चाळल्या. एका वहीत पानोपानी तीच निळ्या केसांची मुलगी काढलेली होती.

"ही कोण?"

"कार्टून आहे मॅडम. जपानी. वेड लागलं होतं त्याचं. मी ओरडून थकले."

"नाव काय हिचं?"

मला माहीत नव्हतं. दोन वर्षं माझी मुलगी त्या मुलीची चित्रं काढत होती आणि मी एकदाही नाव विचारलं नव्हतं. मॅडमनी पान उलटलं. मागे केतकीच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, नात्सु.

त्यांनी खिशातून ते चार मेसेज लिहिलेला कागद काढला आणि वहीशेजारी ठेवला. "ते बघायची सोय आहे का घरात?"

होती. लॅपटॉपमध्ये सव्वीस भाग होते. चौदाव्यावर मॅडमचं बोट आधीच गेलं, पण त्या म्हणाल्या, "पहिल्यापासून लावा. तीन-चार तरी. पोरी काय बोलतात ते कळायला आधी भाषा कळायला पाहिजे."

मालिकेचं जपानी नाव मला आजही नीट म्हणता येत नाही. केतकी तिला 'सातवी चौकी' म्हणायची. एका बंदराच्या शहरात पोलिसांच्या सहा चौक्या असतात आणि ज्या गुन्ह्यांना कुणी हात लावत नाही ते या सातव्या चौकीकडे येतात. तिथले गुप्तहेर साधे नाहीत. किरी नावाची मुलगी एखाद्या वस्तूला हात लावते आणि त्या वस्तूजवळ शेवटचं कोण काय बोललं ते तिला ऐकू येतं. मात्र प्रत्येक वेळी तिची स्वतःची एक आठवण पुसली जाते. शिगेओ म्हणून एक आडदांड माणूस आहे, त्याला खोटं बोलणाऱ्याची सावली उलट्या दिशेला पडलेली दिसते. आणि नात्सु, ती निळ्या केसांची. जिच्याबरोबर ती एकदा एका छत्रीतून चालली, ती व्यक्ती जगात कुठेही असली तरी नात्सुला तिची वाट सापडते.

मी वाचत गेले. सुरुवातीला माझा आवाज चिडका होता. माझी पोर कुठे आहे, कुणाबरोबर आहे, आणि मी 'सावली फिरली रे फिरली' असलं काहीतरी म्हणत बसले होते. मॅडम मात्र पडद्यावरची नजर हलवत नव्हत्या. मध्येच विचारायच्या, "ही किरी आठवण गेल्यावर रडत का नाही?" किंवा "थांबवा. आत्ता ती काय म्हणाली? परत वाचा." गुडघ्यावर छोटी डायरी, तीत पेन्सिलीनं टिपणं.

दुसऱ्या भागात किरी एका मेलेल्या म्हातारीच्या किटलीला हात लावते. आत काय ऐकू येतं? 'चहा घेऊन जा रे, थंडी आहे.' म्हातारीनं आपल्या खुन्याला केलेला आग्रह. ते मराठीत सांगताना माझा आवाज अडखळला. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण लॅपटॉप थांबवून पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. हे ज्यानं लिहिलं असेल त्याला माणसं कळत होती, एवढं मलाही कळलं.

तिसऱ्या भागानंतर त्या म्हणाल्या, "आता चौदावा."

चौदाव्या भागात एक मोठं घर आहे. त्या घरातली मुलगी पाच दिवस कुणाला दिसलेली नाही. घरचे सांगतात, आजारी आहे. रोज तिच्या खिडकीत एक लाल पक्षी येऊन बसतो. तो ज्या घरी येतो त्या घरातल्या मुलीला खोलीत बंद करतात. सात दिवसांत घरचे तिचं नाव विसरतात, मग तीही विसरते. शेवटच्या दिवशी तिला नवं नाव देऊन एका अनोळखी माणसाबरोबर बोटीत बसवून देतात. किरी त्या खोलीच्या कडीला हात लावते आणि तिला मुलीचे शब्द ऐकू येतात, 'मला विसरायचं नाही.' शिगेओ दार तोडायला निघतो. नात्सु त्याला अडवते. नाव परत मिळायच्या आधी दार उघडलं, तर बाहेर येईल ती दुसरीच कुणीतरी असेल. ती दाराला टेकून बसते आणि म्हणते, 'दार उघडू नका. नुसतं नाव सांगा.' दिवसभर बसून राहते. ऊन फिरतं, सावल्या लांबतात. शेवटी आतून बारीक आवाजात नाव येतं, आणि खिडकीतला पक्षी जळलेल्या कागदासारखा गळून पडतो.

संपल्यावर मॅडमनी डायरीतली टिपणं चाळली. पेन्सिल ओठांवर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "पक्षी येतो तिथून परत लावा."

परत पाहिलं. त्यांनी डायरी मिटली.

"ताई, आपल्याकडं मुलीचं नाव कधी बदलतं?"

"म्हणजे?"

"आमच्यात आडनाव बदलतंय. तुमच्यात तर ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवं नाव लिहितात. कधी लिहितात?"

"लग्नात."

"मग हा किरी म्हणजे पोरगा नव्हे, ताई. पोरगी आहे. कोंडून ठेवलेली. आणि सव्वीस म्हणजे उद्या." त्या पलंगावरून उठल्या. "तुमच्या केतकीबरोबर हे कोण बघायचं?"

मला लगेच आठवलं.

स्वप्नाली घोडके. आठवीपर्यंत दोघी एका बाकावर. तिचे वडील सेंट्रिंगच्या कामाला जायचे. दर रविवारी ती आमच्याकडे यायची, आणि दोघी दार लोटून लॅपटॉपसमोर बसायच्या. आठवीच्या सहामाहीत केतकीचे मार्क घसरले तेव्हा मी त्या मुलीला जिन्यातच थांबवून सांगितलं होतं, "तू आता येत जाऊ नकोस. तुझ्यामुळे तिचं नुकसान होतं." तिनं मान हलवली, चपला घातल्या आणि गेली. पुढच्या दिवाळीत तिचे वडील वारले. आई दोन्ही लेकरांना घेऊन भावाकडे, जतच्या पुढच्या एका गावी निघून गेली. केतकीनं मला ते सांगितलं, तेव्हा मी 'अरेरे' म्हटलं होतं.

हे सगळं मी मुलाणी मॅडमना सांगितलं. जिन्यातलंही. त्यांनी ते ऐकून घेतलं. शाळेच्या क्लार्कला फोन लावला.

"स्वप्नाली घोडकेचा गावचा पत्ता पाहिजे... हो, दाखला नेतानाच्या अर्जावर असेल... काय? कधी?" त्यांनी फोन कानापासून जरा दूर धरला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"सोमवारी माळवदेची मुलगी आली होती मॅडम," क्लार्क सांगत होते. "स्वप्नालीच्या जन्मतारखेच्या नोंदीची नक्कल मागत होती. स्कॉलरशिपसाठी पाहिजे म्हणाली. मी दिली. काही चुकलं का?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "बरोबर केलं."

ठाण्यात साहेब आधी हसले. "मुलाणी, कार्टूनवरून गाडी देऊ? वर काय लिहू कारण?"

"बालविवाह लिहा, साहेब. आणि अल्पवयीन मुलीचा शोध. पत्ता आहे, जन्मतारखेची नोंद आहे. माझं चुकलं तर डिझेल माझ्या पगारातून कापा."

साहेबांनी हसू आवरलं. मग त्यांनी जत पोलिसांना फोन लावायला सांगितलं आणि ड्रायव्हरला हाक मारली.

मॅडमनी ठाण्यातच वर्दी उतरवून साडी नेसली. सरकारी पाटी नसलेली गाडी घेतली. वाट चार तासांची होती. मिरजेच्या पुढे एकदाच मी म्हणाले, "ती तिथे नसेल तर?"

"नसेल तर पुढं शोधू."

साडेचार-पावणेपाचला गाव आलं. पोचल्याचं कळवायला मॅडमनी जतला फोन केला. तिकडची गाडी निघाली होती, पण अजून तासभर लांब होती. घर शोधावं लागलं नाही. दारात मांडव होता, कर्णा लागला होता, बायका हळदीसाठी जमल्या होत्या. अंगणात शंभर-सव्वाशे माणूस.

"गाडी लांबच लावा," मॅडम ड्रायव्हरला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "आपण पाव्हण्या म्हणून जायचं. तुम्ही काही बोलायचं नाही. काही दिसलं तरी."

आम्ही बायकांत जाऊन बसलो. मॅडमनी पाणी मागितलं, नवऱ्या मुलाचं गाव विचारलं, कुणाच्या तरी बाळाला मांडीवर घेतलं. एका म्हातारीला म्हणाल्या, "नवरी कुठं दिसंना?"

"आत हाय. अंगात ताप हाय जरा."

आजारी आहे. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी बाळाला आईकडे दिलं आणि "जरा पाय मोकळे करते" म्हणून घराच्या आत चालू लागल्या. मी मागोमाग. स्वयंपाकघराच्या पलीकडे एक खोली होती. दाराला बाहेरून कडी, कडीत कुलूप. दारापाशी एक बाई पिठाचं ताट घेऊन बसली होती आणि पिठात नुसती बोटं फिरवत होती. तिनं वर पाहिलं. स्वप्नालीची आई. दीड वर्षात दहा वर्षांनी म्हातारी झालेली. तिनं मला ओळखलं आणि ताट बाजूला ठेवलं.

तेवढ्यात मागून मामा आला. पांढरा सदरा, कपाळाला हळद. "कोण तुम्ही? हिकडं काय काम हाय?"

"पोलीस नाईक मुलाणी. एक मुलगी शोधतोय. केतकी माळवदे."

"हितं कुणी मुलगी आलेली न्हाई."

"आणि ह्या खोलीत?"

"सामान हाय."

चार-सहा माणसं आत शिरली. कुणीतरी बाहेरचा कर्णा बंद केला. मॅडमजवळ काठी नव्हती, वर्दी नव्हती. त्यांनी कुलूप तोडायला सांगितलं नाही, आवाजही चढवला नाही. दुखऱ्या गुडघ्यावर हात टेकून त्या सावकाश खाली बसल्या, दाराला पाठ लावली आणि मान जराशी वळवून म्हणाल्या,

"दार उघडू नका. नुसतं नाव सांगा."

काही ऐकू आलं नाही. मामा म्हणाला, "येडी हाय का काय ही बाई?"

मग दारापलीकडून, अगदी खालून, जिथे मॅडमची पाठ टेकली होती तिथून आवाज आला.

"स्वप्नाली आनंदा घोडके."

आणि लगेच दुसरा, घोगरा, रडून बसलेला. तो आवाज मी कुठेही ओळखला असता. "केतकी विलास माळवदे. मॅडम, हिचं वय पंधरा वर्षं चार महिने आहे. नोंदीची झेरॉक्स माझ्याजवळ आहे. एक त्यांनी फाडली, दुसरी आहे."

मी दाराकडे झेपावले. मॅडमनी माझा हात पकडून मला शेजारी बसवलं. "बसा. आता इथून उठायचं नाही. गाडी येईपर्यंत."

चाळीस मिनिटं आम्ही तशाच बसलो होतो. मामानं आधी विनवलं, मग धमकावलं, मग वरपक्षाची माणसं आणली. नवरा मुलगा एकतीस वर्षांचा होता, तो दारातच उभा राहिला आणि खाली बघत निघून गेला. मॅडम प्रत्येकाला एकच सांगत होत्या, "मुलीनं नाव सांगितलंय, वय सांगितलंय. तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. आता जो दाराला हात लावील त्याचं नाव मी लिहून घेणार." डायरी त्यांच्या गुडघ्यावर उघडी होती. बोटांत धरलेली पेन्सिल जराही हलत नव्हती, पण माझ्या हाताला लागलेला त्यांचा दंड थरथरत होता. एवढा वेळ मला वाटत होतं, ही बाई घाबरतच नाही.

मध्येच स्वप्नालीची आई उठली. भावाच्या समोरून चालत गेली आणि येऊन आमच्या दोघींच्या मध्ये, दाराला पाठ लावून बसली. आता दाराशी आम्ही तिघी होतो.

जतची जीप आली तेव्हा ऊन कलत होतं. कुलूप उघडलं. दोघी पोरी एकमेकींचे हात धरून बाहेर आल्या. केतकीच्या गालावर बोटांचे वळ होते. मला बघून ती आधी घाबरली, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.

ती आदल्या दिवशी एसटीनं, तीन गाड्या बदलून तिथे पोचली होती. मांडवात भर माणसांत उभं राहून तिनं मामाला सांगितलं होतं की हा गुन्हा आहे. कुणीतरी हसलं. मामानं कागद फाडला, तिच्या गालावर एक ठेवून दिली आणि तिलाही आत ढकललं. लग्न झालं की सोडतो म्हणाला. रात्रभर दोघी जणी काय करत होत्या, असं मी नंतर विचारलं. सातव्या चौकीचे सव्वीसच्या सव्वीस भाग पहिल्यापासून एकमेकींना सांगत होत्या.

परतताना मॅडम पुढे बसल्या होत्या. मी म्हणाले, "मॅडम, तुम्ही ओळखलंत तरी कसं!"

"सरळ तर लिहिलं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या आणि गुडघा चोळत राहिल्या.

पुढचं सगळं रीतसर झालं. मामावर केस झाली, चार वर्षं चालली. स्वप्नाली आधी सांगलीला मुलींच्या वसतिगृहात राहिली. मग तिच्या आईनं आमच्याच गावात खोली घेतली आणि शाळेच्या खिचडीच्या कामाला लागली. स्वप्नाली आज मिरजेला नर्स आहे. सही करताना पूर्ण नाव लिहिते. मुलाणी मॅडम हवालदार झाल्या, बदलून गेल्या. त्यांचा सत्कार करावा असं विलासच्या फार मनात होतं. त्यांनी फोनवर सांगितलं, "सत्कार नको. त्या पोरीला मारू नका, एवढं करा."

मारलं नाही. पण एक गोष्ट मी तीन वर्षं विचारली नाही. धीरच झाला नाही. केतकी पुण्याला कॉलेजला निघाली, त्या सकाळी तिची बॅग भरताना शेवटी विचारलं.

"तेव्हा मला का सांगितलं नाहीस?"

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. थांबली नाही. "सांगितलं असतं तर तू नको जाऊ म्हणाली असतीस."

"हो."

"आणि मी तरी गेलेच असते. मग तुझा शब्द मोडून जावं लागलं असतं. ते मला नको होतं."

मला काहीतरी छान बोलता आलं असतं. नाही गं, मी तुझ्याबरोबर आले असते, असं. पण ते खरं नव्हतं, आणि तिलाही ते कळलं असतं. मी म्हणाले, "मी म्हणाले असते, आपल्याला काय करायचंय दुसऱ्यांच्या घरात."

"माहीत आहे, आई," ती म्हणाली. रागानं नाही.

बॅगेची चेन लागत नव्हती. मी दोन्ही हातांनी बॅग दाबून धरली, आणि तिनं ओढली.